परदेशी सून सावरगावला जाते

॥ श्री ॥
पांढुर्णा,
संक्रांत, १९५७

तीर्थरूप दादांस,

धाकट्या विजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? मृगाची संत्री धरली का? इकडे सारे जेवून-खाऊन ठीक आहोत. नोव्हेंबरपासून तुमचं वरुड मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. (हे विचारतात, भाऊबीजेची साडी आता परप्रांतातून आली असं म्हणायचं का?) तुम्ही पत्रात विचारलंत, सून परदेशी म्हणजे काय गोरी आहे का? वहिनींच्या दुखण्यापायी तुम्हाला लग्नाला येता आलं नाही, तेव्हा सगळंच सांगते.

गोरी नाही, तुमच्या-माझ्यासारखीच आहे. जयश्री कराचीची. तिचे वडील तिथं बंदरात नोकरीला होते, घर मराठी, देव्हाऱ्यात गणपती. फाळणीत पुष्कळ लोक निघून आले. तिच्या घरच्यांचं आज निघू, उद्या निघू करता करता वडील वारले, आणि भावाची नोकरी म्हणून आई तिथंच राहिली. गेल्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी ही नागपूरला आली. तिथं आमच्या श्रीकांतनं तिला पाहिलं. (शाळेत मुलांना भूगोल शिकवतो, पण कराची कुठं आहे ते त्यानं त्या दिवसापासून नीट पाहिलं.) महिन्याभरात लग्न झालं. मंगळसूत्र पांढुर्ण्याचं आणि पासपोर्ट पाकिस्तानचा, असं प्रकरण घरात आलं.

इथं राहण्याच्या परवान्यावर लिहिलं होतं, बाईनं पांढुर्ण्यातच राहावं आणि ठाण्यात हजेरी द्यावी. आमच्या ठाण्यात परदेशी माणूस आजवर आलेलाच नाही. हवालदार गुणवंता बिचारा घाबरला. सुनेला ठाण्यात कशाला बोलवायचं, म्हणून दर सोमवारी तोच घरी यायचा, दारात खाकरायचा आणि विचारायचा, ‘परदेशी बाई आहे का घरी?’ परदेशी बाई त्याला चहा करून द्यायची. आळीतल्या बायका तर जत्रेसारख्या येऊन गेल्या. ती पोळी डाव्या हातानं लाटते का, कुंकू कोणत्या बोटानं लावते, सगळं बघून गेल्या. तिला मात्र आमचं बोलणंच कळेना. चुलीपुढं भाकरी थापता थापता मी म्हटलं, ‘मी भाकरी करून राहिली’, तर विचारते, ‘भाकरी करून तुम्ही कुठं राहिलात?’

मग आली गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ते तुम्ही लहानपणी पाहिलंच आहे. त्या दिवशी सकाळी नदीपलीकडे सावरगावात शकुबाईकडे बारसं होतं. मी जयश्रीला म्हटलं, जाऊन ये, दगड सुरू व्हायच्या आत परत ये. पण बाळाचं नाव ठरेना (दोन आत्या, दोन नावं), आणि इकडे दगड सुरू झाले. नदी ओलांडायची सोय उरली नाही. या काठावर बंदोबस्ताला गुणवंता उभा, आणि त्या काठावर शकुबाईच्या ओट्यावर आमची परदेशी बाई, हातात घुगऱ्यांचा द्रोण!

संध्याकाळी दगड थांबले, ती घरी आली, आणि मागोमाग गुणवंता कपाळाचा घाम पुसत आला. म्हणाला, ‘बाई, मले एक सांगा, सावरगाव पांढुर्ण्यात येते का नाई येते?’ हे म्हणाले, ‘आज विचारशील तर नाई येत. उद्या ये.’ पण माणूस प्रामाणिक. त्यानं वर लिहून कळवलं की परदेशी बाई नदीपलीकडे दिसली, मध्ये दगड चालू असल्यानं ताब्यात घेता आली नाही.

तिथं घोटाळा झाला. तिच्या मुक्कामाची मुदत वाढवायला टाकलेला अर्ज नामंजूर झाला आणि हुकूम आला की बाईनं देश सोडावा. दादा, त्या दिवशी घरात चूल पेटली, पण जेवलं कोणी नाही. श्रीकांत म्हणाला, तिला पाठवायचं तर मीही जातो. हे नुसते ओसरीवर बसून राहिले. जयश्रीनं ट्रंक काढली, लुगडी भरली, परत बाहेर काढली, पुन्हा भरली.

तेवढ्यात राज्यंच बदलली. हुकूम काढणारे साहेब मुंबई राज्यात गेले, कागद भोपाळला गेले की आणखी कुठं, कोणाला ठाऊक नाही. त्या गडबडीत श्रीकांतला कोणी तरी सांगितलं, नवीन कायद्यात भारतीय माणसाच्या बायकोला इथलं नागरिक होता येतं. म्हणून डिसेंबरात आम्ही सगळे छिंदवाड्याला गेलो. साहेबांनी विचारलं, नवरा भारतीय आहे कशावरून? आमच्याकडे कागदाचा कपटा नाही! अख्ख्या घरात आपण कोण ते दाखवू शकणारी एकच, ती पाकिस्तानची सून. शेवटी आमच्याबरोबर आलेली मनकर्णा सुईण पुढं झाली. ‘माह्याच हातानं झाला हा, साहेब. पांढुर्ण्यात झाला. रडला बी मराठीतच.’

मग साहेबांनी गुणवंताचा तो कागद काढला (तेवढा एक बरोबर पोचला होता!) आणि जयश्रीला विचारलं, ‘परवाना पांढुर्ण्याचा असताना सावरगावला का गेलात?’

ती उभी राहून म्हणाली, ‘आमच्या अंगणातून सासूबाईंनी हाक मारली की ती तिथं ऐकू येते. जिथवर हाक पोचते, तिथवर मी घरच समजले.’

साहेबांनी तो कागद मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, शपथ घ्या. तिनं शपथ घेतली, सही केली, पासपोर्ट टेबलावर ठेवला. श्रीकांतनं बाहेर येऊन सगळ्यांना पेढे वाटले, शिपायालासुद्धा दोन दिले.

परतीच्या वाटेवर सौंसरला बस थांबली. हे चहाला उतरले. ती खिडकीशी बसून मला हळूच म्हणाली, ‘आई, आता माझ्या आईकडे जायचं तर मलाच व्हिसा लागेल.’ मी माझा पदर तिच्या हातात दिला. गुणवंता अजून सोमवारी येतो, आता नुसता चहाला.

मुलांना आशीर्वाद.

तुमची,
विजू

ता. क. खरं काम राहिलंच. माझा जन्म वरुडचा, तर तिथून जन्माचा दाखला काढून पाठवा. नाव माहेरचं चालेल का तेही विचारा. सुनेला दिवस गेले आहेत, आणि तिच्या आईला इकडे येऊ देत नाहीत. बाळ झालं की त्याला आजीकडे दाखवायला नेणार कोण? मी पासपोर्ट काढणार आहे. ह्यांना सांगू नका. त्यांना आधी जामसांवळीच्या मारुतीला जायचं म्हणेन, मग हळूहळू कराची काढेन.

ता. क. दुसरा (अक्षर माझं, भगवंतरावाचं) : दादासाहेबांस नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे. मी वाचलेलं नाही. कराचीला समुद्र आहे म्हणतात, तो मी पाहिलेला नाही. माझा जन्म मोहगावचा, पण तुमच्याकडे ओळखी आहेत, वरुडचा दाखला निघत असल्यास दोन काढावेत.