मुरघासाच्या पिशवीचं भोक

मंगळवार, दिवेलागण

आज नको ते केलं. गायांसाठी हिरवा मका कापून, हवाबंद करून मुरवत ठेवलेली मुरघासाची मोठी पिशवी पंचेचाळीस दिवस कुणी उघडायची नाही, असं घरात मीच बजावलेलं. आणि विसाव्या दिवशी मीच खिळ्यानं तिला भोक पाडलं.

का? तर वास बघायला. करकंबच्या दुकानातली मुरवायची पावडर नको, गुळाचं पाणी आणि ताक शिंपडून मका मुरवू, हा हट्ट माझा. सासरे, म्हणजे आबा, तेव्हाच म्हणाले होते, "सगळा मका त्यात घातलास. बुरशी आली तर उन्हाळ्यात गायांस्नी काय घालायचं?" ते डोक्यातून जातच नाही.

वास आंबूसगोड आला, म्हणजे चांगला. पण भोकातून हवा आत गेली असेल तर? लगेच चिकटपट्टी लावली, तिच्यावर दुसरी लावली. तरी भाकरी थापताना डोळ्यासमोर तेच भोक. नीट मुरत होतं, ते मीच नासवलं का?

शेवटी आबांना सांगितलं. ते धार काढत होते. वर न बघताच म्हणाले, "एका भोकानं काय हुतंय? पट्टी लावलीस न्हवं?"

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पट्टी बघायला परत गेले. माझी घट्ट होती. सहज पिशवीभोवती फिरले, तर भिंतीकडच्या बाजूला, खाली, सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा चिकटवलेला. अगदी नीट, कडा घासून.

आमच्या घरात पंक्चर आबाच काढतात.

म्हणजे आता काळजी दोन भोकांची.