माईकवाल्याचं भाषण

सोलापूर, १२ मे २०२५

चि. गुरु यास मल्लिनाथकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुला तुरुंगात नेऊन आज चौथा दिवस. सिद्धेश्वरीला मी सांगितलंय, बाई, तुझ्या नवऱ्याच्या बाबतीत कुणीतरी काहीतरी विसरलंय. राज्यघटनेचं पुस्तक माझ्या शिलाई मशीनवरच असतं, तुला ठाऊक. कलम बावीस: चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करायचं, पसंतीचा वकील घेऊ द्यायचा. एकोणीसशे तीस साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, तेव्हा माझ्या आजोबांना नुसत्या गांधीटोपीवरून कोठडीत टाकलं होतं. तसलं परत होऊ नये म्हणूनच हे लिहिलंय की. पाण्याच्या मोर्चाला तू फक्त माईक भाड्यानं दिलास. येशील लवकर. नीट जेवत जा.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेला,
काका

तुरुंगातून, २० मे

ती. काकांस गुरुचा शि. सा. नमस्कार.

कुणी काही विसरलेलं नाही, काका. तुमचं पत्र वाचून जेलरसाहेब म्हणाले, ही साधी अटक नव्हे, स्थानबद्धता आहे; पुढं काही करील म्हणून खटल्याशिवायच आत ठेवायचं. म्हणाले, काकांना त्याच कलमात खाली वाचायला सांग. कारणांचा कागद मिळाला. त्यात लिहिलंय, मोर्चात मी चिथावणीचं भाषण केलं. बराकीतले लई हसले. मी किती तोतरा, चहा मागायला मला किती वेळ लागतो, ते रोज बघतात ना. आता मला आत ठेवणं बरोबर का, ते बघणाऱ्या सल्लागार मंडळापुढं माझं मीच बोलायचं. वकील चालत नाही. शाळेत माझं नाव तुम्ही सांगायचात, मुलगी मागायलाही तुम्हीच बोललात. कागदावर बघा, कसं भरभर येतं. तुम्ही याल का?

आपल्या मायेतला,
गुरु

सोलापूर, १० जून

चि. गुरु यास अनेक आशीर्वाद.

खालचं वाचलं. स्थानबद्धाला वरचं लागू नाही, असं तिथंच छापलंय. घटना लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतः बिनचौकशीचे तुरुंगात बसून आलेले. तरी हे ठेवलं. का, ते चष्मा पुसपुसून वाचलं तरी मला उमगत नाही.

तुझ्याशेजारी बसू द्या, असा अर्ज दिला. खेटे घातले. उत्तर नाही. सिद्धेश्वरी विचारते, आता काय. मी मशीन चालवत राहतो.

येत्या सोमवारी तुझी सुनावणी. शब्द अडला तर अडू दे. मान खाली घालू नको. तुझं अडणं हीच तुझी साक्ष. म्हणणं मांडायची संधी द्यायची, एवढं कलमात आहे. ते तोंडातून निघेपर्यंत समोरच्यांनी थांबायचं, असं मात्र कुठं सापडलं नाही.

जीव तुझ्यापाशी ठेवून,
काका