आईने सांगितलेलं छिद्र

४ फेब्रुवारी, पोलादपूर

हृदयाला छिद्र नाही! पुन्हा लिहिते – नाही!

मेडिकल कॉलेजची माणसं आली आहेत. लहानपणच्या आजारांबद्दल लोक तोंडी सांगतात ते आणि तपासणीत दिसतं ते, यात किती फरक पडतो याचा अभ्यास. मी नेहमीसारखं सांगून टाकलं – जन्मापासून हृदयाला छिद्र. त्यांच्यातल्या निशा डॉक्टरांनी मशीनवर हृदय बघितलं. पुन्हा बघितलं. "माधुरीताई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

आईने. आणखी कोण सांगणार?

"बुजलं असेल का?"

"हो, बुजतंही. नाहीतर मुळात नसेलच. घरात ऐकलेलं माणूस स्वतःचं म्हणून सांगत राहतं."

शाळेत खो-खोला मी कायम बाहेर बसलेली. लग्नानंतर मूल नको म्हणत आले – बाळंतपण झेपणार नाही म्हणून. तपासायचीही भीती. आणखी काही निघालं तर! यशराज नवरा असून कधी चकार शब्द बोलला नाही. आज रिपोर्ट वाचला आणि तोंड धुवायला मोरीत गेला. बराच वेळ बाहेरच येईना.

५ फेब्रुवारी

दुपारी उगाचच जिना धावत चढले. शेजारीण बघत राहिली.

८ फेब्रुवारी

माहेरी गेले. वाडीचा चढ पायी! धाप लागली – पण धाप यशराजलाही लागली की!

आईला रिपोर्टचं सांगितलं. तिने देवाला हात जोडले. मग मी खोदून विचारलं.

"तू नि चंदन जुळी. दोघंव तापानं फणफणलेली. बाबा दोघांना म्हाडला दवाखान्यात घेऊन गेलं. मी आजारी, घरीच. आल्यावर म्हणालं, पोराच्या हृदयाला छिद्र हाय."

"कुठल्या पोराच्या?"

"मला वाटलं, तुझ्याच. तू किडकिडीत गो! चंदन कसा धट्टाकट्टा..."

म्हणता म्हणता तिनेच कपाळाला हात लावला. बाबा तर त्याच वर्षी गेले. विचारायचं कुणाला?

९ फेब्रुवारी

निशा डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, जुळी ना? मग – "भावाला घेऊन या."

चंदन महाडला टेम्पो चालवतो. फोनवर हसला. "मला काय धाड भरलीय?" शेवटी आईने दम दिला तेव्हा कबूल झाला.

१२ फेब्रुवारी

छिद्र आहे. चंदनच्या हृदयाला. वेळेत आलात, बुजवता येईल, निशा डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तो माझ्याकडेच बघत राहिला. "उगाच तुला बसवून ठेवली गो एवढी वर्षं."