बदाम कुकीज आणि माझी बैठक

सोमवार, ४
लेकीची बाळंतपणाची रजा येत्या रविवारी संपते. छोटीला दिवसभर कोण सांभाळणार, यावर काल आमच्याकडे चर्चा झाली. हिचे गुडघे दुखतात. मी ताबडतोब हात वर केला. मग ही म्हणाली, अहो, तुमच्या पायाला भिंगरी. पेपरसुद्धा तुम्ही तीन खोल्यांत फिरून वाचता. (दोनच. गॅलरी धरत नाहीत.) लेक हसून म्हणाली, बाबा, माझ्या ऑफिसजवळ मिळतात तशा चायनीज बदाम कुकीज करून दाखवा. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. तेवढा धीर धरलात तर छोटी तुमची.
ती गमतीने म्हणाली. मी गमतीने घेतलेलं नाही.

मंगळवार, ५
सुरुवात झकास. मैदा, बदामाची पूड, लोणी, साखर, सोडा, अंडं. पीठ फ्रिजमध्ये ठेवलं. मधूनमधून दार उघडून बोट लावून पाहिलं. लक्ष नको का ठेवायला? मला ते लवकरच गार वाटलं. माझ्या बोटांना अनुभव आहे.
ओव्हनमध्ये सगळ्या कुकीज वितळून एकमेकींना भेटल्या. ट्रेभर एकच कुकी. हिने विचारलं, तास झाला होता का? मी म्हणालो, जवळजवळ. फ्रिज जुना झालाय.

बुधवार, ६
बदामाचा इसेन्स दोन-तीन थेंब घालायचा होता. थेंब पडेपर्यंत वाट बघत कोण उभं राहणार? बाटली उपडी केली. घरभर ऑफिसातल्या डिंकाचा वास. मला छान वाटलं, नोकरीचे दिवस आठवले. संध्याकाळी जावईबापू आले होते. एक कुकी खाल्ली, वेगळीच आहे म्हणाले आणि दोन ग्लास पाणी प्यायले. सभ्य माणूस.

गुरुवार, ७
ओव्हनमध्ये ट्रे ठेवला आणि खाली एक चक्कर मारून आलो. मग समोरच्यांकडे जरा डोकावलो. त्यांनीच सांगितलं, तुमच्याकडे काहीतरी जळतंय.
ही म्हणाली, घरात मूल असतं तर?
असं बोलायला नको होतं तिने. मूल असताना मी बाहेर गेलोच नसतो. जेवणात मन लागलं नाही.

शुक्रवार, ८
संकल्प. उद्या ओव्हनसमोर खुर्ची टाकायची आणि आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही. मोबाइल बंद. पेपर नाही. तालीम म्हणून दुपारी भिंतीकडे तोंड करून बसलो. हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.
छोटी परवा माझं बोट धरून झोपली होती. सोडवेना. तेव्हाही मी किती वेळ बसून होतोच की! ते कोणी पाहिलं नाही.

शनिवार, ९
यश!!
लेक छोटीला घेऊन आली. छोटीला आतल्या खोलीत झोपवून मायलेकी खरेदीला गेल्या. जाताना लेक म्हणाली, बाबा, लक्ष ठेवा हं. मी म्हणालो, निर्धास्त जा.
पीठ पूर्ण तासभर गार केलं. एकसारखे गोळे. प्रत्येकाच्या मधोमध बदाम दाबला, वरून अंड्याचा बलक लावला. ट्रे आत. मी खुर्चीत. आतून कसलासा आवाज येत होता. उठलो नाही. आवाज वाढला. उठलो नाही. बेल वाजली. पुन्हा वाजली. मग दारावर थापा. माणसाची परीक्षा बघायची म्हणजे किती! हललो नाही.
कुकीज काढल्या. कडा सोनेरी, वर नाजूक भेगा, तोंडात टाकताच विरघळणाऱ्या. तेवढ्यात समोरच्यांकडे ठेवलेल्या आमच्या जादा किल्लीने दार उघडून लेक धावत आतल्या खोलीत गेली. छोटी रडून रडून लालबुंद झाली होती.
मी ट्रे पुढे केला. कोणी पाहिलं नाही.

रविवार, १०
लेकीने पाळणाघर ठरवलं. म्हणाली, बाबा, तुमच्यावर ताण नको. पोरीला माझी केवढी काळजी! कुकीजचा डबा मात्र मागून घेतला. पाळणाघरातल्या बाईंना द्यायला.
मी सगळं सांगितल्याप्रमाणेच केलं होतं. एका जागी बसलो होतो.

सोमवार, ११
पाळणाघरावरून सहज गेलो. परतताना वाट तीच. नंतर दूध आणायला पुन्हा तिकडूनच. दूध घरात होतं.
शेवटी बाई बाहेर आल्या. वाटलं, कुकीजबद्दल बोलतील. म्हणाल्या, आजोबा, खिडकीशी येऊ नका, तुम्हाला बघून ती रडते.
माझा जीव सुपाएवढा झाला. म्हटलं, बघा, ओळखते मला! आठवण येते तिला माझी.
बाई म्हणाल्या, तशी ती झाडूवालीला बघूनही रडते.
घरी येऊन हिला सांगितलं. झाडूवालीचं सांगितलं नाही.