काका म्हणू नका

सोम. ३ फेब्रु.
मुलुंडातल्याच काउन्सेलर मॅडमकडे गेलो. पहिलीच खेप. सुषमा दिवाळीनंतर मुलीकडे बोरिवलीला जाऊन बसलीये. अट एकच, "सगळ्या जगाशी गप्पा मारता. माझ्याशी बोलायला शिका, मग येते." आयुष्य टेलरिंगमध्ये गेलं, अवघड गिऱ्हाईक कधी हातचं जाऊ दिलं नाही. हेही जमवू.
मॅडम मुलीच्या वयाची. "बसा ना काका." बसलो आणि सुटलो. नवरदेवांच्या कोटाचे सगळे किस्से. दोनदा हसली. पेन मात्र कागदावर चाललेलं ऐकू आलं नाही.

सोम. १०
मॅडमचं गाव कळलं, माहेर कळलं, सासूचा गुडघाही कळला. निघताना म्हणते, "काका, आज सगळे प्रश्न तुम्हीच विचारलेत."
घरी आल्यावर दोन्ही खोल्यांतले दिवे लावले. कशाला, कोण जाणे.

गुरु. १३
सुटाच्या मापाला एक जण आला. पोट आत घेऊन उभा. असल्यांना मी गाव विचारतो. बोलता बोलता श्वास सुटला की मग टेप. नाहीतर ट्रायलला बटण लागत नाही, आणि बोंब माझ्या नावाने.
माप घेता घेता हात थांबला. मॅडमसमोर मी तरी काय करतोय यार.

सोम. १७
जायचं नव्हतं. सु.ला मेसेजही लिहिला, 'शिकून झालं.' पाठवला नाही. गेलो.
बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, काका म्हणू नका. काका म्हटलं की मी खाऊ वाटत सुटतो."
हसली नाही. "मग काय म्हणू?"
दुकानात मास्टर, सोसायटीत सावंतभाऊ, घरात अहो. "वसंत म्हणा." आई गेल्यापासून कुणी म्हटलेलं नाही.
जरा अडखळली. "वसंत, घरी गेल्यावर पहिलं काय करता?"
"टीव्ही लावतो."
"काय बघता?"
"बघत नाही. आवाज हवा."
एक विनोद ओठावर आलेला, गिळला. पेन चाललं.
सु.ला पत्र लिहा म्हणाली. एरवी 'हो मॅडम, पटलं' म्हणून सुटलो असतो. "नाही जमणार," म्हटलं.
"बरं झालं सांगितलंत. काय जमेल?"
"फोन."
"मग फोनवर एकच वाक्य. विनोद नसलेलं."

शुक्र. २१
चार दिवस वाक्य तोंडात घोळवतोय. आज दुकान लवकर बंद केलं. फोन लावला.
"टीव्ही नुसता लावून ठेवतो. बघत नाही."
पलीकडे नात रडत होती, कुकर वाजत होता. मग दार लोटून घेतल्याचा आवाज. नातीचं रडणं लांब गेलं.
सु. म्हणाली, "जेवलात?"
रोज 'झकास जेवलो' म्हणतो.
"नाही," म्हटलं.
फोन तिने ठेवला नाही. मीही नाही.