चौथ्या चौकोनाचा पिवळा

६ फेब्रुवारी

आरोग्य केंद्रासाठी मी केलेली कार्डं श्रीरामपूरहून छापून आली. तान्ह्या बाळाच्या शीचे सहा रंग. वरचे तीन पांढरट — दिसले की लगेच डॉक्टर. खालचे तीन पिवळे-हिरवे — बरे. लॅपटॉपवर चौथा चौकोन वरणासारखा पिवळा होता. कागदावर ज्वारीच्या पिठाकडे झुकलाय.

छापखान्याच्या कानिफनाथांना फोन केला. "मॅडम, स्क्रीन पेटलेली असती, कागद न्हाई. फरक दिसनारच. नमुना मोबाईलवर धाडला तवा तुमीच ओके म्हनला."

ओके म्हटलं होतं खरं. छापलेला नमुना हातात घेऊन का नाही पाहिला?

की माझा लॅपटॉपच भडक आहे? आशा सेविका अश्विनी बाहेर थांबली होती. तिला गठ्ठा देऊन टाकला.

७ फेब्रुवारी

तेच चित्र तीन मोबाईलवर पाहिलं. तीन वेगळे पिवळे. खरा कुठला?

११ फेब्रुवारी

ज्या डॉक्टरांच्या कार्डावरून आमचं केलं, त्यांच्याकडे मूळ छापील कार्ड मागितलंय. कामात लक्ष नाही. वाढलेल्या वरणाकडेसुद्धा बघत बसले.

१४ फेब्रुवारी

मूळ कार्ड मिळालं. अंगणात, उन्हात दोन्ही शेजारी ठेवली. लॅपटॉप बरोबर होता, छपाईच फिकी. आमचा 'बरा' चौथा हुबेहूब त्यांच्या धोक्याच्या तिसऱ्यासारखा!

अश्विनीला सांगितलं, सगळी कार्डं परत आण. संध्याकाळी तिचा फोन. "एक अडकलंय, ताई. रंगुबाई देत नाहीत. म्हणतात, नातवाची शी चौथ्या घरात बसते, आम्हाला हेच बरं."

१५ फेब्रुवारी

सकाळीच दोघी रंगुबाईंकडे. सून स्नेहल महिन्याची बाळंतीण. खोलीच्या खिडकीला गोधडी, कोपऱ्यात शेगडी, वर पिवळा बल्ब. त्या उजेडात माझा हातही पिवळा दिसत होता. लंगोट बाहेर नेते म्हटलं.

"शी बघायचा पगार मिळतो व्हय तुमाला?" रंगुबाई हसल्या. मग, "उन्हात नगा नेऊ. दृष्ट लागंल."

नेलाच. पांढरट. शी शाडूच्या मातीसारखी.

रंगुबाईंनी वाकून पाहिलं आणि कार्ड आपणहून माझ्या हातात दिलं. स्नेहलनं तोवर बाळाला दुपट्यात गुंडाळलंही होतं. दुपारी बाळाला घेऊन सगळे नगरच्या दवाखान्यात.

१८ फेब्रुवारी

बाळाची पित्ताची नळी बंद आहे, म्हणून शी पांढरी. ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "यात एकेक दिवस महत्त्वाचा असतो." ते रंगुबाईंना सांगत होते. मी खाली बघत राहिले.

त्यांच्या लक्षात आलं नाही ते कार्डामुळे नव्हे, असं मनाला सांगते. कार्ड नसतं तरी त्या पिवळ्या उजेडात कुणाला कळलं असतं?

२२ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. यकृत कितपत सावरेल, आत्ता सांगता येत नाही.

स्नेहल बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "ताई, मला आधीपासनंच पांढरी वाटत हुती. दवाखान्यात न्यायचं ठरलंबी हुतं. तेवढ्यात तुमचं कार्ड आलं."