देवासची पगडी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटून बसावं लागतं. काल मात्र तो माझ्याच तोंडून निघाला. नात कॉलेजातून रडत आली, म्हणाली, "आजी, मैं किसी काम की नहीं." मी म्हटलं, "ते राहू दे. नेमकं काय चुकलं, तेवढं सांग." अन् तिनं सगळं सांगितलं बघा, स्वतःची चूक मैत्रिणीवर ढकलली, तेसुद्धा. तेव्हापासून मला चैन नाही.

धारच्या आपल्या घरात स्वयंपाकघराला लागून तुमचा लाकडी साचा असायचा, माणसाच्या डोक्याएवढा. त्यावर तुम्ही पगड्या बांधायचात. संस्थान विलीन झालं, दरबार उठला, तरी लग्नाला पगडी लागायचीच. आई गेल्यावर मीही साच्यापाशी बसू लागले. सतरा-अठराची असेन. येणारे-जाणारे म्हणायचे, "पोरीच्या हातात जादू आहे हो!" की मी फुगून टम्म. तुम्ही मात्र कधी शाबास म्हणाला नाहीत. पगडी फिरवून कापडाच्या एखाद्या वेढ्यावर बोट ठेवायचात, "हा पेच बरा बसलाय," बस्स. अस्सा राग यायचा मला! पेच बरा, अन् मी?

मग ते देवासचं लग्न. एका गावात दोन गाद्या, रस्त्याच्या अल्याड थोरली पाती अन् पल्याड धाकटी पाती. गाद्या गेल्या, पण आपल्या गिऱ्हाइकांचा तोरा कुठं गेला होता? एका पातीची घरं पगडी डावीकडे कललेली मागायची, दुसरीची उजवीकडे. तुम्ही बजावलं होतंत, "हे धाकट्या पातीचं घर. पहिला पेच डावीकडून." मी ऐकलंच नाही. मला काय शिकवता, असा माझा तेव्हाचा नूर.

मंडपात नवऱ्या मुलाचे काका पगडी हातात घेऊन उभे आहेत. "अहो, ये तो सामनेवालों की बांधणी! नवरदेवाला रस्त्यापलीकडे धाडायचंय का?" सगळे हसतात. "कोणी बांधली ही?" सकाळीच मी बायकांत मिरवलेलं, एकटीनं बांधली म्हणून. त्या माझ्याकडे बघतात. मी जमिनीकडे. अन् तुम्ही पुढं होता. "माझ्या हातची आहे. थोडा वेळ द्या." गुरुजी मुहूर्तासाठी ताटकळलेत, लोक कुजबुजतायत, अन् तुम्ही कोपऱ्यात बसून, मान खाली घालून सगळे पेच उलगडून पुन्हा बांधता आहात.

परतताना बसमध्ये मी हुंदके देत म्हटलं, "आबा, मी नालायक आहे." तुम्ही शेंगा सोलत होतात. "परवा जादूगार होतीस, आज नालायक? दोन दिवसांत माणूस एवढा बदलतो होय? नेमकं काय चुकलं, तेवढं सांग."

"पहिला पेच उजवीकडून घेतला."

"मग उद्या डावीकडून घे."

"म्हणजे मी चांगली कारागीर आहे ना?"

"ते मला ठाऊक नाही. पगडी चांगली की वाईट, ते बघून सांगता येतं. तू माझी लेक, तुझं काय ठरवायचं? शेंगा खा."

तेव्हा वाटलं, काय हा कोरडा माणूस! एक शब्द गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण दुसऱ्या दिवशी मी साच्यापाशी बसले, हे खरं. तुम्ही शाबास म्हणाला असतात, तर ती टिकवायच्या भीतीनं कदाचित पुन्हा कापडाला हातच लावला नसता. पुढं साच्यावर अन् संसारात किती वाकडं बांधलं, किती उलगडलं. पण त्यापायी स्वतःला जाळत बसले नाही. शाबासकीची भूक मात्र गेली म्हटलं तर खोटं होईल. अजून लागते. लागू दे.

पण आबा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धंच सांगितलं. पेचाचं सांगितलं. मंडपात भ्याले अन् तुम्हाला मान खाली घालू दिली, हे नाही सांगितलं. तुम्हाला कळलं होतंच. तरी पुन्हा विचारलं नाहीत, इंदूर येईपर्यंत शेंगा सोलून माझ्या ओंजळीत टाकत राहिलात. अन् मी त्या खात राहिले.

हा कागद कुठं पाठवणार? तुमचा साचा अजून माझ्यापाशी आहे, त्याखाली ठेवते. ती पगडी मी बांधली होती, आबा.